जळते थोटूक आणि घरातील गादी

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहखर्च, सहकारी पतपेढी, ज्ञातीचा पूर्वेतिहास अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीस आम्ही आज जो विषय आणून बसविणार आहोत, तो काहींस फारच घरगुती वाटण्याचा संभव आहे. सिगारेटच्या जळत्या थोटकाने सोफा वा गादी पेटते आणि घरातील माणसे भाजतात, गुदमरतात, एवढाच आमचा विषय. तंबाखूने फुप्फुसांचे काय होते याविषयी आम्ही बोलणार नाही. ते आता प्रत्येक पाकिटावर चित्रासह छापलेले असते, आणि ओढणारे गृहस्थ ते चित्र पाहत पाहतच काडी ओढीत असतात! आम्हांस बोलावयाचे आहे ते मुख्यत्वेकरून ज्यांनी जन्मात सिगारेट हाती धरली नाही अशांविषयी. गादी पेटली म्हणजे ती कोणाच्या थोटकाने पेटली, हे धूर विचारीत बसत नाही.

प्रथम थोडे आकडे सांगतो. ते अमेरिकेतील आहेत. कारण आग विझल्यानंतर घरात सर्वप्रथम कोणती वस्तू पेटली आणि ती कशाने पेटली, याची नोंद करण्याची पद्धत त्या देशात रूढ आहे. तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत धूम्रपानाच्या साहित्यामुळे दरसाल सरासरी १८,१०० घरांना आगी लागल्या. त्यांत दरसाल सरासरी ५९० माणसे दगावली आणि १,१३० जखमी झाली. घरांना लागलेल्या एकंदर आगींत या आगींचे प्रमाण शेकडा ५ इतकेच होते. परंतु घरातील आगींत मेलेल्या माणसांत त्यांचे प्रमाण शेकडा २३ भरले. म्हणजे वीस आगींपैकी एक आग थोटकाची, आणि मेलेल्या चौघांपैकी जवळजवळ एक मात्र तिच्या वाट्याचा! स्वयंपाकामुळे लागणाऱ्या आगी संख्येने कितीतरी अधिक असतात. पण तेथे बहुधा कोणीतरी जागे असते, डोळ्यांदेखत ज्वाळा उठते, आरडाओरडा होतो आणि माणसे बाहेर पडतात. थोटकाच्या आगीचा स्वभाव अगदी निराळा आहे.

ज्यांनी आपल्या आजीची चूल पाहिली असेल, त्यांस हा स्वभाव समजावून सांगण्याचे कारण नाही. रात्री निजानीज होण्यापूर्वी आजी गोवरीचा विस्तव राखेखाली झाकून ठेवी. पहाटे राख बाजूला सारून फुंकर घातली की विस्तव जागा होई आणि आगकाडी वाचे. राखेखाली विस्तवास वारा बेताचाच मिळे, म्हणून तो भडकत नसे. आणि राखेमुळे त्याची धग बाहेर निसटत नसे, म्हणून तो विझतही नसे. जळते थोटूक गादीत वा सोफ्याच्या फटीत शिरले म्हणजे नेमकी हीच व्यवस्था होते. सिगारेटचा निखारा ओढतेवेळी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि ती नुसती ठेवून दिली असताही ६०० ते ७०० अंशांच्या आसपास राहतो. एवढी धग दहापंधरा मिनिटे एकाच जागी मिळाली, तर कापूस धुमसू लागण्यास दुसरे काही लागत नाही. सोफ्याची बैठक आणि पाठ जेथे मिळतात, तेथे धग दोन बाजूंनी कोंडली जाते. फर्निचरची परीक्षा घेणारे लोक प्रयोगशाळेत जळती सिगारेट मुद्दाम त्याच सांध्यात ठेवतात ते याचकरिता. आपल्या घरात चष्मा, सुटी नाणी आणि फुटाणे हरवले असता जेथे सापडतात, तीच ही जागा होय.

पुढे जे होते ते फार सावकाश होते. अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत आतल्या आत धुमसणे चालू राहते. वरून अभ्र्यावर एखादा तपकिरी डाग दिसेल, किंवा तोही दिसणार नाही. सिगारेट ओढणारे गृहस्थ उठून आपल्या खोलीत निजावयास गेलेले असतात, दिवे मालवलेले असतात, दारे लोटलेली असतात. मध्यरात्र उलटल्यावर आतला विस्तव पृष्ठभागाशी येतो, त्यास मोकळी हवा मिळते आणि मग ज्वाळा उठते. परंतु तोपर्यंत घरात धूर भरून राहिलेला असतो, आणि या आगीत माणसे जातात ती पुष्कळदा ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच.

येथे एका समजुतीचा उल्लेख करणे अवश्य आहे. फोम म्हणजे कारखान्यातला माल, तो पेटणारच. आपली पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची गादी मात्र निर्धोक, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती अशी की धुमसण्याच्या बाबतीत कापसासारखा वाईट पदार्थ घरात दुसरा नाही. उघडी काडी लावली असता फोम भडकतो. थोटूक ठेवले असता कापूस धुमसतो. आणि आजच्या बहुतेक सोफ्यांत हे दोन्ही गुण एकत्र नांदत असतात: वर सुती कापड, आत पॉलियुरेथेनचा फोम. कापडाने विस्तव धरावा, तो हळूहळू फोमास लागावा, आणि एकदा ज्वाळा झाली की फोमने काही मिनिटांत सारी खोली व्यापावी, असा हा संयोग आहे. चटईवर आणि बाजल्यावर निजणाऱ्या पिढीस ही भीती फारशी नव्हती, कारण पेटण्याजोगा एवढा साठा तिच्या बैठकीच्या खोलीत नव्हताच.

फोम जळताना भडकून काय करतो हे ८ मे १९७९ रोजी इंग्लंडात मँचेस्टर येथील वूलवर्थच्या दुकानात दिसले. ती आग सिगारेटने लागली असे म्हणता येत नाही; परंतु विक्रीसाठी रचून ठेवलेल्या फोमच्या फर्निचरने पेट घेतला आणि दहा माणसे मेली. पुढे १९८८ साली तेथे घरगुती फर्निचरविषयी कडक नियम आले आणि गाद्यागिरद्यांच्या सामानास जळत्या सिगारेटची व काडीच्या ज्वाळेची अशा दोन्ही परीक्षा लागू झाल्या. आपल्या ज्ञातीतील जी कुटुंबे आज लंडन, लेस्टरकडे स्थायिक झाली आहेत, त्यांच्या सोफ्याच्या तळाशी जी चिठ्ठी शिवलेली असते तिचा उगम या प्रकरणात आहे.

आता धुराविषयी. धुमसणाऱ्या गादीतून कार्बन मोनॉक्साईड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनास प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने तो चिकटतो आणि प्राणवायूस जागाच ठेवीत नाही. फोम जळू लागला म्हणजे यात हायड्रोजन सायनाईडची भर पडते. धुरास वास असतो, तेव्हा जाग येईलच, या भरवशावर कोणी राहू नये. झोपेत मनुष्याचे घ्राणेंद्रियही झोपलेले असते. आवाजाने तो जागा होतो, वासाने बहुधा होत नाही. वायूचा अंमल चढू लागला की डोके जड होते, ग्लानी येते आणि निजलेला अधिकच गाढ निजतो.

याच संबंधात आणखी एक गोष्ट सांगतो. २०२० आणि २०२१ या साथीच्या वर्षांत पुष्कळ घरांनी बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे चिमुकले यंत्र विकत घेतले. धुरात सापडलेल्या मनुष्याच्या बोटास ते लावून ‘अठ्ठ्याण्णव दाखविते आहे, म्हणजे ठीक आहे’ असा निष्कर्ष काढणे अत्यंत घातक आहे. हिमोग्लोबिनास प्राणवायू चिकटला आहे की कार्बन मोनॉक्साईड, हा भेद त्या साध्या यंत्रास करता येत नाही. विषबाधा झालेल्यासही ते उत्तम गुण देऊन मोकळे होते. आवाज घोगरा झाला, नाकपुड्यांत काजळी दिसली, नाकातील केस करपले, थुंकी काळी पडली, यांपैकी एक जरी खूण असेल तरी अंगावर भाजल्याचा एकही डाग नसला तरीदेखील रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलविले पाहिजे. गरम धुराने श्वासनलिकेस आलेली सूज काही तासांनी वाढते, आणि मग वेळ उरत नाही.

तेव्हा प्रश्न असा की मरते कोण? अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने दिलेली एक माहिती आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारी वाटली. थोटकाच्या आगीत मेलेल्या चौघांपैकी एक जण, ती सिगारेट ओढणारा नसतो. आणि अशा निरपराध मृतांत एकतृतीयांशाहून अधिक ही ओढणाऱ्याचीच मुले असतात. उरलेल्यांत शेजारी व स्नेही, पत्नी वा पती, आणि वृद्ध आईबाप. ‘माझ्या जिवाचे मी पाहून घेईन, तुम्ही कशाला काळजी करता?’ हे जे उत्तर आपल्या घरोघरी ऐकू येते, त्यास हा आकडा पुरेसा आहे असे आम्हांस वाटते.

यावर कोणी म्हणेल की दोष निष्काळजी मनुष्याचा. सिगारेटने काय करावे? या युक्तिवादाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे आणि म्हणून त्यात थोडा वेळ घालवितो. १९२९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल येथे सिगारेटने आग लागली. तेथील काँग्रेस सदस्या ईडिथ नोर्स रॉजर्स यांनी आग्रह धरला की टाकून दिल्यावर आपोआप विझेल अशी सिगारेट राष्ट्रीय मानक कार्यालयाने शोधून काढावी. अवघ्या तीन वर्षांत, १९३२ मध्ये, तशी सिगारेट त्या कार्यालयाने करून दाखविली. शोध लागला, परंतु कोणाही कारखानदाराने तो उचलला नाही. त्यानंतर पन्नास वर्षे ‘ओढणाऱ्याने सावध असावे’ हे पालुपद चालू राहिले. सावध राहण्याचा उपदेश निजलेल्या मनुष्यास करावयाचा असतो, ही त्यातील खरी अडचण. डोळा लागला म्हणूनच तर हातातली सिगारेट पडते. आणि पुष्कळदा तिच्या जोडीला पेलाही असतो.

मग १९७९ साली त्याच राज्यात वेस्टवुड येथे सिगारेटमुळे लागलेल्या आगीत एका कुटुंबातील सात माणसे गेली. आईबाप आणि पाच मुले. ते गाव ज्यांच्या मतदारसंघात होते ते काँग्रेस सदस्य जो मोकली यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि मग सोडला नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे अँड्र्यू मॅग्वायर, जे स्वतः लहानपणी भाजले होते, त्यांनी बाहेरून चळवळ उभी केली. १९८४ साली अमेरिकेत कायदा झाला, पण तो केवळ अभ्यास करण्याचा! अशी सिगारेट बनविणे शक्य आहे, असा निर्वाळा १९८७ मध्ये अभ्यासगटाने दिला. १९९० साली पुन्हा कायदा, तोही परीक्षेची पद्धत ठरविण्याचा. अखेर न्यूयॉर्क राज्याने २००० साली स्वतःचा कायदा केला आणि जून २००४ पासून तो अमलात आणला. कॅनडाने २००५ मध्ये तो संपूर्ण देशास लावला. २०११ पर्यंत अमेरिकेतील सर्व पन्नास राज्ये आणि युरोपीय संघ त्या मार्गावर आले. ईडिथ रॉजर्स यांच्या मागणीपासून मोजले तर न्यूयॉर्कच्या अंमलापर्यंत पंचाहत्तर वर्षे गेली.

एवढे झगडून मिळविलेली युक्ती काय आहे म्हणाल, तर सिगारेटच्या कागदावर दोनतीन ठिकाणी कमी सच्छिद्र असे आडवे पट्टे. निखारा पट्ट्यापाशी आला की त्यास हवा कमी पडते. कोणी ओढीत नसेल तर तो तेथेच विझतो. परीक्षाही तितकीच सोपी: गाळणकागदाच्या दहा थरांवर चाळीस सिगारेटी जळत ठेवावयाच्या, त्यांतील दहांपेक्षा अधिक सिगारेटी शेवटपर्यंत जळता कामा नयेत. म्हणजे अशी सिगारेटही निर्धोक नव्हेच. चाळीसांतील दहा जळत राहिल्या तरी ती उत्तीर्ण. पण फरक पडला. मॅसॅच्युसेट्समध्ये २००८ पासून हा कायदा आला, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की तेथील घरांना सिगारेटमुळे आग लागण्याची शक्यता २८ टक्क्यांनी उतरली. गादी, बिछाना, सोफा यांपासून सुरू होणाऱ्या आगींत हा गुण अधिक दिसला. उपदेशाने जे साधले नाही ते कागदाच्या दोन पट्ट्यांनी काही अंशी साधले.

आपली बिडी या बाबतीत सिगारेटहून बरी, असे म्हटले तर सभेत हशा होईल याची आम्हांस कल्पना आहे. पण खरेच, बिडी सारखी ओढीत राहावी लागते. खाली ठेवली की तेंदूच्या पानात हवा शिरत नाही आणि ती विझते. म्हणून तर बिडी ओढणाऱ्याच्या कानावर अर्धी विझलेली बिडी आणि खिशात काडेपेटी सदैव असते. सिगारेटचा कागद मात्र सच्छिद्र असतो आणि ती एकसारखी जळत राहावी म्हणून त्यात क्षारही मिसळतात. बिडीने घर जळत नाही असे कोणी समजू नये. विझण्यापूर्वीची तिची काही मिनिटेही गवताच्या गंजीस पुरेशी असतात. मुद्दा इतकाच की ‘आपोआप विझणे’ ही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे. आपल्या देशाच्या २००३ च्या तंबाखूविषयक कायद्यात जाहिरात, सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान, अल्पवयीनांस विक्री आणि वेष्टणावरील इशारे यांची व्यवस्था आहे. सिगारेट आपोआप विझावी अशी अट त्यात नाही.

सिगारेट बदलण्याची टाळाटाळ चालू असता दुसरीकडे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. ‘सिगारेट नव्हे, सोफा सुधारा’ असे तंबाखूच्या धंद्याने लोकांच्या मनावर बिंबविले. कॅलिफोर्निया राज्याने १९७५ साली असा नियम केला की सोफ्यातील फोमने उघड्या ज्वाळेसमोर बारा सेकंद टिकाव धरावा. कारखानदारांनी फोमात अग्निरोधक रसायने मिसळली. परंतु घरात प्रथम पेटते ते वरचे कापड, आणि एकदा कापडाची मोठी ज्वाळा झाली म्हणजे आतल्या रसायनांचा फारसा उपयोग होत नाही. ती रसायने मात्र फोमातून झिरपून घरातील धुळीत आणि माणसांच्या रक्तात उतरली. रांगणारी मुले ती धूळ हाताने तोंडात घेतात. ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने २०१२ मध्ये तंबाखू आणि रसायने या दोन्ही धंद्यांचे यातील अंग उजेडात आणले. कॅलिफोर्नियाने नियम बदलला; नवा नियम ज्वाळेऐवजी धुमसण्याची परीक्षा घेतो. २०१५ पासून तो तेथे बंधनकारक झाला आणि जून २०२१ पासून सर्व अमेरिकेस लागू झाला. न्यूजर्सीकडील आपल्या कुटुंबांनी जुना सोफा फुकट मिळतो म्हणून घरी आणण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे.

हे झाले कायदे आणि कारखाने यांविषयी. आता आपल्या घरांकडे येतो. आमच्या मते खरा पेच येथेच आहे.

आपल्या समाजात वडील माणसांसमोर सिगारेट ओढीत नाहीत. ही मर्यादा चांगली की वाईट, हा वाद आज नको. पण तिचा एक परिणाम आगीच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुलगा गच्चीत, सज्जात किंवा मधल्या खोलीच्या खिडकीशी उभा राहून ओढतो. बाहेर वडिलांची चाहूल लागते. आणि तो हातातले जळते थोटूक सापडेल तेथे टाकतो: कुंडीत, कागदाच्या टोपलीत, दिवाणामागे, सोफ्याखाली. सज्जातील कुंडीत हल्ली मातीऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. तो सुकला असता गादीइतकाच उत्तम धुमसतो. घरात रक्षापात्र ठेवणे म्हणजे व्यसनास मान्यता देणे, असे वडिलांस वाटते. म्हणून ते घरात नसते. सिगारेट असते, रक्षापात्र नसते. असा संसार अनेक ठिकाणी चालू आहे.

याच्या उलट बाजूस वडील स्वतःच ओढणारे असतात. सत्तरी उलटलेली, गुडघे धरलेले, रात्री झोपेची गोळी घेणारे, गादीवर पडल्या पडल्या शेवटची सिगारेट ओढणारे. अभ्र्यावर, चादरीवर, सदऱ्यावर बारीक काळी भोके पडलेली सून रोज धुताना पाहते. ती भोके म्हणजे पूर्वसूचना होत. प्रत्येक भोक ही एक आग होती, जी त्या दिवशी पेटली नाही. परंतु ‘मामंजी, पडून ओढू नका’ हे तिने म्हणावयाचे कसे? मुलगा कामावर, सासूबाई म्हणतात, ‘आता या वयात त्यांना काय शिकवायचे?’ आणि रात्री नातवंडे त्याच खोलीत आजोबांशेजारी गोष्ट ऐकत निजतात. आमची घरातील वडीलधाऱ्यांस हात जोडून विनंती आहे की ही गोष्ट सुनेवर सोडू नये. सासूबाईंनी सांगावी, थोरल्या मुलाने सांगावी, आम्हांस बोलवाल तर आम्ही येऊन सांगू. सोडा असे आम्ही म्हणणार नाही, कारण ते ऐकले जाणार नाही. परंतु गादीवर नको, सोफ्यावर नको, खुर्चीत ताठ बसून, बूड जड असलेले खोल रक्षापात्र समोर ठेवून, आणि त्यात बोटभर पाणी किंवा वाळू घालून ओढा, एवढे म्हणण्यात कोणाचाही उपमर्द नाही. साथीनंतर कित्येक घरांत प्राणवायूचे यंत्र आले आहे. ते ज्या खोलीत चालू असते तेथे सिगारेट, काडी, निरांजन काहीही नको. प्राणवायूने कपडे, अंथरूण आणि केसदेखील भरून राहतात. एका ठिणगीने चेहराच भाजतो, आणि नळी नाकात असल्याने आत श्वासमार्गही.

लग्नसमारंभाचेही एक सांगावयाचे राहिले. आदल्या रात्री कार्यालयात गाद्या पसरून, लोडतक्क्यांना टेकून पत्त्यांचा डाव रंगतो. दोनतीन वाजता मंडळी उठतात, आणि पहाटे मंडप सजविणाऱ्यांस जागा हवी म्हणून गाद्या घाईघाईने गुंडाळून कोठीच्या खोलीत एकावर एक रचल्या जातात. आजीने विस्तव राखेत झाकावा तसे जळते थोटूक आपण गादीत गुंडाळून ठेवतो आणि खोलीस कुलूप लावून मंगलाष्टके म्हणावयास उभे राहतो! गाद्या गुंडाळण्यापूर्वी त्या एकवार हाताने चाचपणे, आणि शंका आली तर उघड्या अंगणात तासदोन तास पसरून ठेवणे, हे काम कोणाकडे तरी नावानिशी सोपविले पाहिजे.

गादी धुमसताना आढळली तर बहुतेक घरांत तांब्याभर पाणी ओततात, वरचा धूर थांबला की ‘विझली’ म्हणतात आणि निजतात. कापसाचे वरचे थर भिजतात, आतला विस्तव कोरडाच राहतो, आणि दोनचार तासांनी तो पुन्हा डोके वर काढतो. विझविलेली गादी तीच रात्र काय, त्यापुढेही घरात ठेवू नये. दुसरी चूक म्हणजे पेटती गादी ओढत जिन्याने खाली नेणे. वाटेत मोकळा वारा लागतो, ती भडकते, नेणाऱ्याचे हात व चेहरा भाजतो आणि सर्वांच्या सुटकेची वाट असलेला जिनाच पेटतो. धूर खोलीभर झाला असेल तर माणसे बाहेर काढावी, खोलीचे दार ओढून घ्यावे, १०१ वर अग्निशमन दलास आणि १०८ वर रुग्णवाहिकेस कळवावे. बाहेर पडताना वाकून, जमिनीलगत चालावे. निर्मळ हवा तेथे अधिक वेळ टिकते. पाकिटे, दागिने, पासबुके यांसाठी परत फिरू नये.

भाजलेल्या भागावर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे धरावे. बर्फ नको, तूप, हळद, शाई, दंतमंजन यांपैकी काही नको. त्याने थंडावा येत नाही आणि पुढे डॉक्टरांस जखम नीट दिसत नाही. सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढावे. कातडीस चिकटलेले कापड ओढू नये. फोड फोडू नयेत. मग स्वच्छ धुतलेल्या कापडाने सैलसर झाकून रुग्णालयात न्यावे. लहान मूल असेल तर पाणी चालू असताना उरलेले अंग उबदार झाकून ठेवावे.

शेवटी आपल्या संस्थेपुरत्या तीन गोष्टी कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर आणि कार्यालयाच्या कोठीच्या खोलीत धुराची सूचना देणारे, घंटा वाजविणारे यंत्र बसवावे. प्रकाशाच्या योगाने धूर ओळखणारा प्रकार धुमसत्या आगीस अधिक लवकर टिपतो, तो घ्यावा, आणि त्याची बॅटरी कोणी कधी तपासावयाची ते फळ्यावर लिहून ठेवावे. कार्यालय भाड्याने देतेवेळी जो छापील कागद सही करून घेतला जातो, त्यात गाद्यांवर बसून धूम्रपान न करण्याची आणि गाद्या तपासून परत करण्याची अट घालावी. आणि यंदा वसतिगृहाच्या गाद्या पुन्हा भरून घ्यावयाच्या आहेत असे चिटणिसांकडून कळले. त्या भरण्यापूर्वी जुन्या गाद्यांवरील जळाल्याची भोके एकदा मोजून पाहावी. किती निघतात ते पुढील सभेत सांगावे.